गिरणीतल्या महोत्सवात जात्यावरची ओवी कुठं गेली?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या पिठाच्या गिरणीच्या आवारात झालेल्या ग्रामीण वारसा महोत्सवाची बातमी तुमच्या पेपरात वाचली, फोटो पण झकास आला होता, फेटे, ढोलकी, मागं गिरणीची दगडी भिंत आणि तिच्यावर सोडलेलं निळं-जांभळं लायटिंग. मी तिथं प्रत्यक्ष होतो म्हणून हे पत्र. बातमीत जे आलंय ते खोटं नाही, पण जे तिथं नव्हतंच त्याबद्दल कुणीच बोलत नाहीये आणि मला वाटतं तीच खरी बातमी होती.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस फक्त नावं ठेवायला बसलाय. कित्येक वर्षं बंद पडलेली गिरणी, पत्रे गंजलेले, आत कबुतरं, दारात काटेरी झुडपं, ती जागा पोरांनी खपून साफ केली, भिंतीला ऑइलपेंट फासला नाही (हे फार मोठं, कारण आपल्याकडं वारसा जपायचा म्हटलं की पहिला डबा ऑइलपेंटचा उघडतो), इंजिनाची खोली मोकळी केली. बचत गटांचे स्टॉल, लाठीकाठी, पोवाडा, गोंधळ, भारूड, शेवटी लावणी. गर्दी तुफान. पार्किंगला शेतं कमी पडली.

आता माझं म्हणणं. गिरणीच्या जागेत लोकसंगीताचा कार्यक्रम ठेवला आणि दळणाशी ज्या गाण्याचं नातं आहे ते एकच गाणं कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. जात्यावरची ओवी. नाही म्हणायला जातं होतं, गेटच्या आत शिरल्या शिरल्या, झेंडूच्या माळा घातलेलं, शेजारी कंदील, सूप आणि 'सेल्फी पॉइंट' असा बोर्ड. पोरी येत होत्या, खुंट्याला हात लावून फोटो काढत होत्या आणि पुढं जात होत्या. त्यात पोरींची काय चूक, तिथं जे मांडलंय ते त्यांनी वापरलं. पण ते जातं फिरतच नव्हतं हो, वरची तळी खालच्या तळीवर नुसती ठेवलेली, मधे खुंटी पण नव्हती. आणि समोर खुर्च्यांच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेत नऊवारीतल्या म्हाताऱ्या बसलेल्या, साऊंडच्या आवाजाला कान झाकून. त्यातल्या निम्म्या तरी अशा असतील की ज्यांनी लहानपणी आईच्या समोर बसून दळलंय आणि ज्यांना कागदाशिवाय रात्रभर पुरतील इतक्या ओव्या येतात. त्यांना कुणी विचारलंच नाही.

ओवी ही काय आज-कालची नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात, म्हणजे ११२९ च्या आसपास, लिहून ठेवलंय की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी दीड-एकशे वर्षं. कांडण आणि दळण ही घरातली रोजची कामं, त्यांच्यावर ज्या चाली बसल्या त्या इतक्या जुन्या. पोवाडा, लावणी ही आपली शान आहेच, वाद नाही, पण वारसा वारसा म्हणून आपण जो गजर करतो त्यात वयानं थोरली ही, आणि तिलाच आमंत्रण नाही.

आता यात एक गंमत आहे आणि ती आयोजकांनी ओळखायला पाहिजे होती. हे गाणं थांबवलं कुणी? याच गिरणीनं. गावोगाव ऑइल इंजिनच्या गिरण्या आल्या, आधी रस्टन-लिस्टर असली विलायती इंजिनं आणि मग किर्लोस्करांची, आणि मग पहाटे तांबडं फुटायच्या आधी उठून भाकरीपुरतं पीठ दळायची गरज हळूहळू संपली. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन गिरणीत जायचं, नंबर लावायचा, तासाभरात पीठ घरात. जातं कोपऱ्यात गेलं, मग परसात, मग तुळशीजवळ पाय धुवायचा दगड झालं. आणि दळणं गेलं तशी ओवी पण गेली, कारण ती कामाबरोबरच, जास्त करून दळतानाच गायली जायची. तेव्हा गिरणीच्या आवारात ओवी म्हणजे दोघींची समोरासमोर गाठ घालून देण्यासारखं झालं असतं, एक येणारी आणि एक जाणारी. एवढा मोठा विषय आयता हातात होता आणि आपण तिथं ट्रॅक लावून ऑर्केस्ट्रा वाजवला.

इथं एक स्पष्ट करतो, नाहीतर लगेच कुणीतरी लिहील की याला बायकांना परत जात्याला जुंपायचंय. अजिबात नाही. गिरणी आली ते फार बरं झालं. ज्यांनी दळलंय त्यांना विचारा, हाताला घट्टे, खांदे भरून आलेले, अंगात ताप असला तरी सुटका नाही, बाळंतपणातून उठल्या उठल्या परत तेच, आणि हे सगळं झाल्यावर रानातलं काम वेगळंच. जात्याची आठवण काढून गोड गोड बोलणारे बहुतेक पुरुषच असतात हे पण मी बघितलंय, मी स्वतः पुरुष असून सांगतो. ओवीत जे आहे ते गोड नाहीच मुळी. त्यात सासुरवास आहे, नवऱ्याचा मार आहे, माहेरची वाट बघणं आहे, भाऊ न्यायला येत नाही त्याचा राग आहे, पावसाची काळजी आहे, लेक जन्मली म्हणून घरात पडलेली तोंडं आहेत. पंढरीचा विठ्ठल आहे पण तो देवळातला लांबचा देव नाही, घरातल्यासारखा आहे, जनाबाईला दळू लागणारा, आणि पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून जातं आजही दाखवतात ते त्यासाठीच. सीतेचा वनवास बायकांनी जात्यावर गायला तो स्वतःचा म्हणून गायला. दिवसभर ज्यांना तोंड उघडायची मुभा नव्हती त्यांनी पहाटे अंधारात जात्यापाशी बोलून घेतलं, ऐकायला समोरची जाऊ नाहीतर नणंद नाहीतर आई, आणि कुणीच नसलं तर जातंच, त्यालाच ईश्वर म्हणून हाक मारायची. बाकी घर झोपलेलं. झोपेत कानावर पडलेली ओवी ऐकतच घरातली पोरं मोठी झाली.

आणि हे हवेतलं बोलणं नाही, याची नोंद आहे, भरपूर आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी आणि त्यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर ओव्या, हजाराहून जास्त गावं, गाणाऱ्या बायका तीन हजारांच्या वर. त्यातल्या बऱ्याच ध्वनिमुद्रित पण आहेत. पुढं पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संस्थेनं २०१७ पासून त्या इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली, आवाजासकट, आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. मोबाईलवर फुकट ऐकता येतात. महोत्सवाच्या कमिटीतल्या एकानं जरी एक संध्याकाळ बसून आपल्या जिल्ह्याचं नाव टाकून शोधलं असतं तरी हाताला काहीतरी नक्की लागलं असतं. कदाचित शेजारच्याच गावची बाई निघाली असती. कदाचित ती आता नसेल, पण तिची लेक-सून असेल, तिला आईचा आवाज स्पीकरवर ऐकवायचा, यापेक्षा मोठा उद्घाटनाचा कार्यक्रम कुठला? आमदारसाहेबांचं भाषण थोडं आवरतं घेता आलं असतं एवढंच.

याच संग्रहात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बाईंनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. मुद्दाम सांगतोय. कारण आपल्या वारसा महोत्सवांत वारसा कुणाचा दिसतो ते जरा बघा, वाडा, फेटा, तलवार, घोडा. जातं मात्र सगळ्या घरात होतं. वाड्यातही होतं आणि गावकुसाबाहेरच्या झोपडीतही होतं, आणि दोन्हीकडं बायकाच दळत होत्या आणि दोन्हीकडं गात होत्या. सगळ्या गावाचा म्हणावा असा दुसरा वारसा मला तरी सुचत नाही.

आता ओवी ठेवायची म्हटली तर कशी ठेवायची यावर बोलू, कारण 'पुढच्या वर्षी घेऊ की एक आयटम' असं उत्तर मला तिथंच मिळालंय. आयटम म्हणून नका घेऊ प्लीज. म्हातारीला स्टेजवर उभी करायची, हातात कॉर्डलेस माईक द्यायचा, अँकरनं म्हणायचं 'आजी एक ओवी होऊन जाऊ द्या जोरदार टाळ्या', आणि मागून ऑक्टोपॅडवाल्यानं ठेका धरायचा, हे केलं तर ती बिचारी दोन ओळीत गप्प होईल आणि लोक म्हणतील यात काय आहे. ओवी प्रेक्षकांसाठी नाहीच. तिला ताल जात्याचा. दोघी समोरासमोर, एक पाय पसरून, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, एकीनं उचलायची आणि दुसरीनं झेलायची, अर्धी ओळ परत परत घोळवायची, मधेच 'बाई' घालून श्वास घ्यायचा. मूठभर दाणे गाळ्यात पडले की दगड जड होतो, हाताची गती मंदावते आणि गाणं पण मंदावतं, मग पीठ सरसर पडायला लागलं की परत उचलतं. हे रिकाम्या जात्यावर होत नाही आणि उभ्यानं तर होतच नाही. प्रत्येकीचा गळा वेगळा असतो, गळा म्हणजे चाल आणि गायची तऱ्हा, एकाच गावात चार बायकांचे चार गळे. ते ट्रॅकवर बसवणार कसं?

म्हणून माझी सूचना सोपी आहे. गिरणीच्या आतली जी खोली पोरांनी साफ केली तिथं चटया टाका. जाती दोन-तीन ठेवा, खरी, फिरणारी. जातं नुसतं आणून ठेवलं की दळत नाही, दगडाला टाकी लावून घ्यावी लागते, खाच गेलेली असली तर दाणा नुसता घरंगळतो, त्यासाठी पाथरवट बोलवा, त्यालाही पैसे द्या, आणि तो टाकी मारत असताना लोकांना बघू द्या, तेही एक कसबच आहे आणि आता सहजी बघायला मिळत नाही. ज्वारी-बाजरी खरी आणा. माईक लावायचाच तर लांब, दिसणार नाही असा, आणि रेकॉर्डिंगसाठी. ऐकायला एका वेळी वीस-पंचवीस माणसं बास, आळीपाळीनं सोडा. पोरींना दुसऱ्या बाजूला बसवून खुंटा धरू द्या, पाच मिनिटांत कळतं दंडाला काय लागतं ते, सेल्फी पण येऊ दे की त्यात, माझी हरकत नाही. आणि पहाटे ठेवा शक्य असेल तर. रात्री बाराला लावणी संपते, गावातल्या बायका तशाही पहाटे उठलेल्याच असतात.

कुणी म्हणेल आता गाणाऱ्या मिळणार कुठं. मिळतात. लग्नात हळद दळताना, घाणा भरताना, जात्याला आंब्याचा डहाळा आणि हळकुंड-सुपारी बांधून बायका अजून ओव्या म्हणतात, निदान खेड्यात तरी म्हणतात, कार्यालयातलं लग्न असलं तरी त्यातली एखादी मावशी सुरुवात करतेच. त्या मावशीला धरा. तिला विचारलं तर ती आधी 'मला कुठं येतंय' असंच म्हणणार, तिथून उठायचं नाही, चहा घेत बसून राहायचं.

पैशांचं पण बोलतो कारण ते कुणी बोलत नाही. ऑर्केस्ट्राला मानधन, अँकरला मानधन, साऊंड-लाईटवाल्याला तर ॲडव्हान्स. आणि गावातल्या बायकांना श्रीफळ, ब्लाऊजपीस. हे बंद करा. गाणारीला कलाकाराचं मानधन आणि पत्रिकेत तिचं नाव छापा, पूर्ण नाव, 'गावातील महिला मंडळ' नव्हे. व्हिडिओ यूट्यूबवर टाकणार असाल तर तिला आधी विचारा आणि खाली तिचं नाव टाका. शासनाची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना मानधन द्यायची योजना आहे, चांगली आहे, पण तिथं कलाक्षेत्रात काम केल्याचे पुरावे लागतात, प्रमाणपत्रं, कात्रणं, फोटो. आता ज्या बाईनं अख्खं आयुष्य अंधारात, घरातल्या घरात, कुणी बघत नसताना गायलंय तिनं पुरावा कुठून आणायचा? निदान अशा महोत्सवाच्या पत्रिकेत नाव आलं, तुमच्या पेपरात नावानिशी बातमी आली, तर तो तरी एक कागद होईल तिच्या हातात. ढोलकीवाल्याचा फोटो तुम्ही छापलात, त्याचं नावही छापलंत, तसंच हिचंही छापा एवढीच मागणी आहे.

हे मी फक्त आमच्याकडच्या गिरणीपुरतं म्हणत नाहीये. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की घ्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली, १७४४ च्या सुमाराची, डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी काही किलोमीटर लांबून मातीच्या नळांतून आणलेलं, उंच भिंतीवरून पाणी कोसळतं, खाली लोखंडी पात्यांचं चाक आणि त्यावर दगड. दर्ग्यातल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी तिथं पीठ दळलं जायचं. पर्यटक जातात, पाण्याचा फोटो काढतात, हौदातले मासे बघतात आणि परत येतात. तिथं बसून कुणी सांगत नाही की हे पाणी जे काम करत होतं तेच काम त्याच वेळी डोंगरापलीकडच्या गावात बायका हातानं करत होत्या आणि त्याचं गाणं असं होतं. शेजारच्या कुठल्याही खेड्यातल्या चार जणी तिथं आणून बसवल्या तर त्या जागेचा अर्थच बदलेल. पाण्याच्या आवाजात ओवी कशी लागेल हे ऐकायला मी तिकीट काढून जाईन.

बाहेरच्या देशांत गिरण्या जपतात त्याचं आपल्याकडं फार कौतुक चालतं म्हणून तेही सांगतो. हॉलंडमधल्या किंडरडाइकच्या पवनचक्क्या युनेस्कोच्या यादीत १९९७ लाच आल्या, त्यांचे फोटो आपण कॅलेंडरवर बघतो. पण २०१७ मध्ये त्याच देशातून युनेस्कोच्या यादीत दुसरी एक गोष्ट गेली, वाऱ्यावरची आणि पाण्यावरची गिरणी चालवणाऱ्याचं कसब. इमारत नाही, कसब, आणि ते जाणणाऱ्या माणसांकडून ते शिकून घ्यायची व्यवस्था. आपल्याकडं आधी भिंत रंगवतात. इंजिन चालवणारा म्हातारा गिरणीवाला मात्र गर्दीत मागं उभा होता. त्याच्याशी बोललो मी. पट्टा कसा चढवायचा, टाकीतलं पाणी किती गरम झालं ते कसं समजायचं, दगडाच्या आवाजावरून पीठ जाड येतंय की बारीक ते कसं ओळखायचं, ज्वारीला आणि गव्हाला दोन दगडांतलं अंतर कसं बदलायचं, घडाघडा सांगत होता. इंजिन दुरुस्त होऊ शकतं म्हणाला, दोन पार्ट पाहिजेत आणि हँडल मारायला एक तगडा गडी. अर्धा तास जरी ते इंजिन सुरू केलं असतं, धुराड्यातून तो पुक-पुक आवाज निघाला असता तर सगळ्या गावाला कळलं असतं की गिरणी सुरू झाली, जसं पूर्वी कळायचं. डीजेचा खर्च वाचला असता तो वेगळाच.

एका कार्यकर्त्यानं मला ऐकवलं की काका, लावणी ठेवली नाही तर पब्लिक येत नाही. ठेवा की लावणी. तिनं कुणाचं काय घोडं मारलंय, तिचाही वारसा आहेच आणि ती नाचणाऱ्या बायकांचेही हाल काही कमी नाहीत. पब्लिक लावणीला येऊ दे, आलेल्यातले शंभर जण जरी आतल्या खोलीत डोकावले तरी चालतंय. आणि खरं सांगू का, तिथं आलेल्या पब्लिकमध्ये निम्म्या बायका होत्या, त्या काही लावणीसाठी आलेल्या नव्हत्या, त्या गिरणी बघायला आल्या होत्या. एकमेकींना दाखवत होत्या, इथं रांग लागायची, इथं डबे ठेवायचो, दळण होईस्तोवर इथं बसून बोलायचो. गिरणीची रांग ही पण बायकांची बोलायची जागा होती, जात्यानंतरची. कुणी ते रेकॉर्ड केलं का? नाही. ड्रोन मात्र डोक्यावर घोंगावत होता.

आयोजक मंडळी तरुण आहेत, मनापासून राबली आहेत, त्यांना नाउमेद करायचा हेतू नाही, उलट पुढच्या वर्षी हातभार लावायची तयारी आहे, पाथरवट शोधायचं काम माझ्याकडं द्या. फक्त तारीख ठरवताना एक बघा. यंदा महोत्सव ज्वारीच्या काढणीत आला होता, ज्यांना गाता येतं त्या बायका दिवसभर रानात होत्या आणि संध्याकाळी दमून आल्या होत्या. काढणी उरकल्यावर ठेवा, नवी ज्वारी घरात आलेली असते, दळायला तीच वापरता येईल.

आपला,
एक नियमित वाचक
(नाव छापू नये ही विनंती)